आंब्याचे पैसे आणि अॅमस्टरडॅमचा काउंटर: जर्मनीच्या लांब मुदतीच्या व्हिसावरचा एक प्रकरण अभ्यास

हे नमुना प्रकरण आहे. राजापूर, देवगड, मालवण या पट्ट्यातून जर्मनीला शिकायला निघणाऱ्या मुलांच्या फायलींत पैशांच्या पुराव्यावरून जे पुन्हा पुन्हा अडतं, ते एका घरात एकत्र केलं आहे. घर आणि घरातल्या रकमा काल्पनिक आहेत, नियम आणि युरोतले ठरलेले आकडे खरे आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरले आहेत.

घरातला पैसा

मुलगी देवगड तालुक्यातली, इंजिनिअर. हॅम्बुर्गच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश, हिवाळी सत्र १ ऑक्टोबरपासून. वडिलांची हापूसची बाग. आई आंबापोळी आणि कोकमाचं आगळ करून विकते. काका डोंबिवलीला नोकरीला.

पैसा नव्हता असं नाही. वाशीच्या दलालाकडून हंगामाचे ५ लाख बाबांच्या जिल्हा बँकेतल्या खात्यात आले होते. आईच्या नावावर गावच्या पतपेढीत ४ लाखांची मुदत ठेव होती. काका ३ लाख देणार होते, आणि सोनेतारणावर ४ लाख निघणार होते. एकूण १६ लाख. लागणार होते ते असे: ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (वर्षाचा खर्च आधी भरून ठेवायचं आणि दरमहा ठरावीकच रक्कम सुटणारं खातं) ११,९०४ युरो, म्हणजे ११ लाख ९० हजार ४००. पहिल्या दीड-दोन महिन्यांसाठी हाताशी २,९०० युरो. त्यावर तिकीट, विमा आणि व्हिसाची ७५ युरो फी. म्हणजे पैसे पुरत होते, पण ते चार ठिकाणी, तीन नावांवर आणि चार प्रकारच्या कागदांवर होते.

११,९०४ हा आकडा १ सप्टेंबर २०२४ पासूनचा, महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने. जुन्या व्हिडिओंत अजून ११,२०८ ऐकू येतो, त्यावर विसंबू नये. जर्मनीच्या निवास कायद्यात विद्यार्थ्याचा चरितार्थ तिथल्या सरकारी विद्यार्थी-साहाय्याच्या दराशी बांधलेला आहे, तो दर वाढला की हीही रक्कम वाढते.

बाग दाखवून का भागत नाही

आपल्याकडे ऐपत विचारली की माणूस कलमं किती ते सांगतो. सातबारा, आठ अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सोन्याचं मूल्यांकन असा गठ्ठा तयार होतो. सातबाऱ्यावर आजोबांसह सात-आठ सामाईक नावं असतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणपत्र एकतर भरलेलंच नसतं किंवा त्यात आकडा नगण्य असतो. ही ऐपत खरी आहे, पण सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या प्रश्नाला ती लागू पडत नाही.

शेंगेन सीमा संहितेच्या (आपसांतली सीमा-तपासणी काढलेल्या युरोपीय देशांची सामाईक नियमावली) सहाव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात पुरेशा साधनांचा पुरावा कशावरून धरता येईल ते दिलं आहे: प्रवाशाकडची रोख, ट्रॅव्हलर्स चेक, क्रेडिट कार्ड, आणि देशाच्या कायद्यात तरतूद असेल तिथे यजमानाचं हमीपत्र. जमीन, बाग आणि दागिने त्यात नाहीत. तुम्हाला आज, इथे, तुमच्या हाताने वापरता येणारा पैसा किती, एवढंच ते बघतात. जर्मनीतल्या वर्षभराच्या राहण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंट ही त्या देशाने मान्य केलेली व्यवस्था आहे. पण तो पैसा विमानातून उतरल्या दिवशी काढता येत नाही. या प्रकरणात अडलं ते नेमकं इथे.

चार ठिकाणचा पैसा एका खात्यात

पहिली अडचण पतपेढीची. पतपेढी ही बँक नाही. तिच्या ठेवींना बँकांसारखं ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षणही नसतं. तिथून थेट परदेशी पैसे पाठवता येत नाहीत, आणि तिच्या मराठी ठेवपावतीचा परदेशात उपयोग नाही. जूनमध्ये ठेव मोडली, व्याजावर थोडं पाणी सोडलं आणि रक्कम बाबांच्या राष्ट्रीयीकृत बँकेतल्या बचत खात्यात वळवली. रोख काढून भरायची नाही, हा आग्रह महत्त्वाचा. एकाच व्यक्तीकडून दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि खातेउताऱ्यावर 'रोख जमा ४,००,०००' अशी ओळ दिसली की पुढचा प्रत्येक जण तिच्यावर बोट ठेवतो. काकांचे ३ लाखही बँकेतूनच आले, सोबत साध्या कागदावर बक्षीसपत्र: नातं, रक्कम, तारीख, पॅन, परतफेडीची अपेक्षा नाही. काका आयकर कायद्याच्या 'नातेवाईक' व्याख्येत येतात, म्हणून या रकमेवर कर नाही. दलालाच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) हंगामवार लावून ५ लाखांच्या जमेशी जुळवल्या. सीमेवर त्यांची गरज पडत नाही, ब्लॉक्ड अकाउंट देणारी कंपनी पैशाचा स्रोत विचारते तेव्हा पडते.

दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू, बाबांच्या बँकेत व्ही. आईचं पतपेढीतलं खातं माहेरच्या नावाने. मुलीच्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, पण ते पुन्हा डब्ल्यू-व्हीच्या घोळात. इथे प्रतिज्ञापत्रापेक्षा बँकेतलं नाव आधार आणि पॅनप्रमाणे दुरुस्त करून घेणं बरं. आठवड्याभराचं काम आहे, फक्त ते पैसे पाठवण्याच्या आधी करायचं.

मग प्रत्यक्ष पाठवणी. तालुक्याच्या शाखेत बहुधा परकीय चलनाचं काम होत नाही. कागद मोठ्या शाखेकडे जातात, त्यात दिवस मोडतात. लागतं ते असं: ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन, पासपोर्टची प्रत, प्रवेशपत्र आणि ब्लॉक्ड अकाउंट उघडल्याचं पत्र. उद्देश 'शिक्षणासाठी प्रवास', कोड एस०३०५. एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, ती मर्यादा इथे आडवी येत नाही. आडवं येतं ते टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांपर्यंत काही कापत नाहीत, त्याच्या वरच्या भागावर त्या वर्षीच्या दराने कापतात. बाबांच्या पॅनवरून ११ लाख ९० हजार गेले, म्हणजे वरचे १ लाख ९० हजार ४०० टीसीएसला पात्र. फोरेक्स कार्ड (परकीय चलन आधी भरून ठेवायचं कार्ड) मुलीच्या स्वतःच्या खात्यातून, तिच्या पॅनवर भरलं, त्यामुळे ते या बेरजेत आलं नाही. कापलेला टीसीएस परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. बरेच आंबा बागायतदार ते भरत नाहीत आणि पैसे सरकारजमा राहतात.

पाठवणीत दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, मधल्या बँकांचं शुल्क. ११,९०४ पाठवले आणि वाटेत पंचवीस युरो कापले गेले, तर तिथे पोहोचतात ११,८७९. रक्कम पूर्ण होईपर्यंत जर्मन कंपनी ब्लॉक केल्याचं प्रमाणपत्र देत नाही. म्हणून सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे हा पर्याय निवडायचा आणि वर शंभरेक युरो जास्त घालायचे. दोन, संदर्भ क्रमांक. कंपनीने दिलेला क्रमांक पाठवणीच्या तपशिलात हवा. तो राहिला तर पैसे पोहोचतात, पण कुणाचे ते कळत नाही. स्विफ्टची प्रत (बँकेने पैसे परदेशी पाठवल्याची नोंद) त्याच दिवशी मागून घ्यावी, नंतर मिळवताना शाखेत चार खेटे पडतात.

एक इशारा. 'पैसे दाखवायला' भाड्याने रक्कम लावून देणारे एजंट आता कोकणातही पोहोचलेत. महिन्याला ९९२ युरो लागणार तुम्हाला, आणि दर महिन्याला ते परत जाणार त्याला. खायचं काय, हा प्रश्न दुसऱ्याच महिन्यात उभा राहतो.

हातातले २,९००

ब्लॉक्ड अकाउंटमधून पैसे सुटायला आधी पत्त्याची नोंदणी लागते, जर्मन चालू खातं लागतं, कंपनीकडे ओळख पडताळणी लागते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करा असं कायदा म्हणतो, पण पालिकेत वेळ मिळायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. घरमालक मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत अनामत मागू शकतो. म्हणून कार्डावर २,५०० आणि रोख ४०० युरो ठरवले. परदेशी नोटा भारतातून एका प्रवासात ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच नेता येतात, बाकी कार्डावर. आणि चलन घेताना रोख रुपये ५० हजारांपर्यंतच देता येतात, वरचं बँकेतून.

निघताना नातेवाईक पाकिटं देतात. कुणी शंभर युरोची नोट, कुणी सोन्याचं वळं. ते मोजून घेतलेलं असावं. युरोपीय संघात शिरताना १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर जाहीर करावी लागते, आणि ९९.५ टक्के किंवा त्याहून शुद्ध सोन्याची लगडही या नियमात रोख म्हणूनच मोजतात. या मुलीचा हिशेब त्याच्या आसपासही नव्हता. पण 'जवळ किती आहेत?' याला 'नक्की माहीत नाही' हे उत्तर चांगलं दिसत नाही.

शेंगेनचं पहिलं दार

तपासणी कुठे होणार हे तिकीट ठरवतं. मुंबईहून दोहामार्गे हॅम्बुर्ग गाठलं तर जर्मन संघीय पोलीस विचारणार. अॅमस्टरडॅममार्गे गेलं तर स्खिपोल विमानतळावर डच मारेशोसे, म्हणजे तिथले सीमा पोलीस. हिने अॅमस्टरडॅम घेतलं, कारण रॉटरडॅमला मावसबहीण. चार दिवस तिच्याकडे आणि मग आगगाडीने हॅम्बुर्ग, असा बेत.

वरवर साधा दिसणारा हा बेत प्रकरणाचा स्वभाव बदलतो. जर्मनीच्या डी, म्हणजे लांब मुदतीच्या, व्हिसावर दुसऱ्या शेंगेन देशातून फक्त पुढे जर्मनीला जायचं असेल, तर सीमा संहितेच्या सहाव्या कलमाच्या पाचव्या पोटकलमाने तो रस्ता मोकळा ठेवला आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी पूर्ण नसल्या, तरी त्या देशाच्या नकार-यादीत नाव नसेल तर पुढे जाऊ द्यायचं. पण मध्ये चार दिवस राहायचं म्हटलं की ती पाहुणी झाली. डी व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस इतर शेंगेन देशांत राहता येतं, मात्र पुरेशी साधनं असण्याच्या अटीसह. नेदरलँड्सचा त्यासाठीचा संदर्भ आकडा माणशी दिवसाला ५५ युरो. चार दिवसांचे २२०.

काउंटरवर

२०२५ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या युरोपीय प्रवेश-निर्गमन नोंदणीतून लांब मुदतीच्या व्हिसाचे धारक वगळलेले आहेत, त्यामुळे बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रांपाशी ताटकळायचं कारण नव्हतं. थेट काउंटर. अधिकाऱ्याने व्हिसाचं पान उघडलं. स्टिकरवर 'डी', खाली शेऱ्यात निवास कायद्याचं १६ बी कलम, म्हणजे शिक्षण. कुठे जाणार? हॅम्बुर्ग. आज? नाही, आधी चार दिवस बहिणीकडे. पैसे कोण देणार?

तिने सांगितलं, 'माझे वडील. आमची आंब्याची बाग आहे.'

खोटं त्यात काहीच नव्हतं. तरी हे उत्तर व्हिसाच्या फायलीतल्या उत्तराहून वेगळं. फायलीत खर्चाचा स्रोत ब्लॉक्ड अकाउंट. तोंडी उत्तरात एक नवाच स्रोत, ज्याचा एकही कागद इंग्रजीत नाही. साहजिकच पुढचा प्रश्न: बागेचं उत्पन्न किती? दर वर्षी वेगळं. मोहोर गळला तर निम्मं. तेही खरंच, पण ऐकणाऱ्याला एवढंच कळलं की हिच्या खर्चाची रक्कम पक्की नाही.

तिने सावरून ब्लॉक्ड अकाउंटचं नाव घेतलं, ११,९०४ सांगितले. अधिकाऱ्याचा प्रश्न सरळ होता: ते जर्मनीत बंद आहेत, या चार दिवसांचे कुठे आहेत? तिने कार्ड पुढे केलं. हातोहात मिळणाऱ्या फोरेक्स कार्डावर बहुधा नाव नसतं, याच्यावरही नव्हतं. शिल्लक दाखवायला अॅप उघडलं तर ओटीपी भारतीय नंबरवर येणार, आणि सिमला रोमिंग नव्हतं. विमानतळाचं वायफाय इथे उपयोगाचं नाही, ओटीपी एसएमएसने येतो. मग फाईल बाहेर आली. साठेक पानांची, वर सातबारे, मध्ये सोन्याचं मूल्यांकन, बँकेचं कार्ड भरल्याचं पत्रक कुठेतरी तळाला. मागे रांग. पासपोर्ट बाजूला ठेवला गेला आणि तिला आतल्या खोलीत बसायला सांगितलं.

खिशात ४०० युरो होते. लागत होते २२०. चार दिवसांचा प्रश्न त्या नोटांनीच मिटला असता, पण विचारलं गेलं चार दिवसांचं आणि ती उत्तर देत होती वर्षाचं.

आतल्या खोलीत जाणं म्हणजे नकार नव्हे. तिथे निवांत बसून कागद बघतात, गरज पडली तर यजमानाला फोन करतात, व्हिसा देणाऱ्या देशाकडे चौकशी करतात. तिथे कार्ड भरल्याचं पत्रक सापडलं: तिचं नाव, पासपोर्ट क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, २,५०० युरो. रोख मोजून दाखवली. मावसबहिणीचा पत्ता आणि फोन दिला, हॅम्बुर्गच्या गाडीचं तिकीट दाखवलं. जर्मन कागदांपैकी दोनच बघितले गेले, प्रवेशपत्र आणि ब्लॉक केल्याचं प्रमाणपत्र. सातबाऱ्याचं पान कुणी उलटलं नाही. प्रवेश मिळाला.

त्याच काउंटरसाठी फाईल कशी हवी होती

पातळ आणि हातातल्या बॅगेत. वरच्या कप्प्यात चारच कागद: प्रवेशपत्र, ब्लॉक केल्याचं प्रमाणपत्र, आरोग्य विम्याचं पत्र, राहण्याचा पत्ता. त्याच्या मागे कार्ड भरल्याचं पत्रक आणि रोख चलनाची पावती, दोन्हींवर नाव आणि पासपोर्ट क्रमांक नीट छापलेला. मध्ये मुक्काम असेल तर यजमानाचं पत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि पुढचं तिकीट. स्विफ्टची प्रत सर्वांत शेवटी. मराठी कागद एकही नको. ते पीडीएफ करून फोनमध्ये असू द्यावेत. नेटशिवाय उघडतील असे, मेलमध्ये पडलेले नव्हेत. रोमिंगचा सर्वांत स्वस्त प्लॅन निदान पहिल्या आठवड्यासाठी घ्यावा, तो बोलण्यासाठी नव्हे तर ओटीपीसाठी.

उत्तर घरीच मोठ्याने म्हणून बघावं, तीन वाक्यांत. 'माझ्या नावावर जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंट आहे, ११,९०४ युरो, दरमहा ९९२. आत्ता कार्डावर २,५०० आणि रोख ४०० आहेत. हे त्याचे कागद.' वडिलांनी दिले का, असं विचारलं तर हो म्हणायचं. लपवायचं काही नाही. फक्त सुरुवात तिथून करायची नाही. आणि 'नोकरी करून भागवीन' हे तर मुळीच नको. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं हे खरं, पण न मिळालेल्या नोकरीचा पगार हातातला पैसा म्हणून कुणी धरत नाही. वर शिक्षणासाठी आलात की कामासाठी, अशी शंका येते.

मुक्कामाचं आमचं मत रोखठोक आहे: पहिल्या प्रवेशाला मध्ये कुठेही उतरू नये. बहिणीकडे डिसेंबरात जाता येतं. आणि व्हिसावर छापलेल्या पहिल्या तारखेच्या आधी शेंगेनमध्ये शिरायचंच नाही. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून दोन दिवस आधी निघणाऱ्यांना बहुधा मुंबईच्या चेक-इनवरच थांबवतात.

नकार मिळालाच तर

सीमा संहितेत ठरलेला छापील नमुना असतो, त्यावर कारणांना अक्षरं दिलेली. 'जी' म्हणजे मुक्कामाच्या काळासाठी किंवा परतीसाठी पुरेशी साधनं नाहीत. 'ई' म्हणजे मुक्कामाचा हेतू आणि अटी पटवणारे कागद नाहीत. कोणत्या अक्षरावर खूण आहे ते बघून घ्यावं, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा. अपील करता येतं, पण अपील केल्याने नकार थांबत नाही. परत पाठवणं होतं आणि अपील चालू राहतं. प्रत स्वतःकडे ठेवावी. पुढच्या कुठल्याही अर्जात हा नकार लपवला तर तो जास्त महाग पडतो.

दुसरी खेप

डी व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिक कार्यालयातून निवास परवाना घ्यायचा असतो, आणि त्यासाठी पैशांचा पुरावा पुन्हा लागतो. त्याच्या नूतनीकरणाला पुढच्या वर्षाचे ११,९०४, किंवा तेव्हा जी रक्कम असेल ती. परवान्याची तारीख ऑक्टोबरच्या आसपास संपत असेल तर बाबांनी मे-जूनच्या पट्टीतून ती आधीच बाजूला काढलेली बरी. सोनेतारणाची मुदतही बहुधा वर्षाचीच असते, दोन्ही एकदम अंगावर येतात.

शिमग्याला किंवा मे महिन्यात घरी येऊन परत जाताना सीमा पुन्हा ओलांडायची आहेच. तेव्हा सप्टेंबरचं प्रमाणपत्र एकटं पुरत नाही. त्यावर ११,९०४ लिहिलेले, आणि प्रत्यक्षात निम्मे उचललेले. सोबत ब्लॉक्ड अकाउंटची त्या महिन्याची शिल्लक आणि जर्मन चालू खात्याचे शेवटच्या तीन महिन्यांचे उतारे छापून न्यावेत. दर महिन्याची ९९२ ची जमा त्यात ओळीने दिसते.